दहा बोटांतल्या चिमण्या

छत्रपती संभाजीनगर,
१२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
कारभारीचा साष्टांग नमस्कार.

तुझी राखी येऊन महिना होत आला आणि मी आज कुठं लिहायला बसलोय. उशीर झाला, माफ कर. खरं कारण सांगायचं तर मी रुसलो होतो. एकाहत्तराव्या वर्षी रुसणं शोभत नाही, पण झालं खरं. दरवर्षी तुझ्या पाकिटातून घरच्या कापसाचा, हळदीत बुडवलेला, सात गाठींचा दोरा निघतो. यंदा दुकानातली राखी निघाली. चमकीची, मधोमध प्लास्टिकचा मोर. मी ती बांधली. सूनबाई म्हणाली, 'आबा, मोर चांगला दिसतो हातावर.' पण दोन दिवस त्या मोराकडं बघून मला वाटत राहिलं, अक्का आता आपल्यासाठी दोरा वळायलाही कंटाळली.

फोन करावा म्हटलं तर तुला ऐकू येत नाही. मागच्या वेळी केला तेव्हा तुझ्या सुनेनं, सुरेखानं, तुझ्या कानाशी ओरडून ओरडून माझ्या पोटाची तक्रार सगळ्या पिशोरला कळवली. म्हणून पत्रच बरं.

आता मोठी बातमी. आपल्या नातीचं, श्रेयाचं, लग्न ठरलं. दहा डिसेंबर. तिच्या बापानं, राजकुमारनं, मंगल कार्यालयही धरलं. मुलगा शांत आहे, मी तीन प्रश्न विचारले तर तिन्हींना 'हो आबा' म्हणाला. बाकी सगळं पोरं बघतील. माझ्याकडं एकच काम आहे, तुला आणण्याचं. हळदीच्या आदल्या दिवशी तरी ये. श्रेयाची अलाबला तूच घ्यायची. राजकुमारच्या लग्नात तू त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली होतीस, तो कडकडाट बँडवाल्यालाही ऐकू गेला असेल. आपल्या घरात ते तुझ्याशिवाय कुणी केलेलं नाही.

बोटांवरून आठवलं. मला हल्ली एक घोर लागलाय. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, बोटं मोडायच्या सवयीनं सांधे झिजतात, हात वाकडे होतात, म्हातारपणी पेला धरता येत नाही. तुला माहीत आहे, मी आयुष्यभर बोटं मोडत आलो. चहाची वाट बघताना, बसची वाट बघताना, तुझ्या पत्राची वाट बघताना. गणपतीपासून मोडणं बंद केलंय. आता दिवसभर बोटांत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, शिंक येऊन थांबावी तसं.

श्रेया घरीच कॉम्प्युटरवर काम करते आणि मधूनमधून दहाच्या दहा बोटं मोडते. परवा मी म्हटलं, 'नको मोडू गं, सांधे झिजतात.'

'आबा, तुम्ही साठ वर्षं मोडताय.'

'म्हणून तर सांगतो.'

'मग तुमचे झिजलेत का?'

मी हात पुढं केले. तिनं उलटे सुलटे करून बघितले. 'चांगले तर आहेत.'

'वरून चांगलेच दिसणार,' मी म्हटलं. 'बेअरिंगही वरून चांगलंच दिसतं.'

ती हसली. तिला काय सांगायचं. मी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. गाडी आत आली की मी डोळे मिटून उभा राहायचो आणि चाकाचा आवाज ऐकून सांगायचो, आतलं ग्रीस संपलंय. आवाज आला म्हणजे झीज झाली, एवढं एकच शास्त्र मला येतं. सातवी नापास माणसाला आणखी काय येणार.

दुपारी जेवून गॅलरीत खुर्चीत पडलो की डोळा लागतो. काल स्वप्नात आपल्या फुलंब्रीचं रान आलं. कापूस फुटलेला, आणि उन्हानं बोंडं उकलत होती, टिक, टिक. मी तुला विचारत होतो, हा कसला आवाज. तू म्हणालीस, चिमण्या आहेत. तुझं तोंड दिसत नव्हतं, उन्हात नुसती पाठ दिसत होती. जागा झालो तर शेजारच्या पोरी सागरगोटे खेळत होत्या.

येण्याचं लवकर कळव. दाजींना नमस्कार.

तुझा
कारभारी


पिशोर,
२७ सप्टेंबर २०२४

चि. कारभारीस,
अक्काचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. श्रेयाचं ठरलं, बरं झालं. मुलगा हो म्हणतो तर त्याला जास्त प्रश्न विचारू नको.

मला लग्नाला यायला जमणार नाही. म्हैस त्याच सुमारास व्यायची आहे. कापसाची वेचणी राहील. गुडघाही धरतो, बसमध्ये चढवत नाही. सुदर्शन आणि सुरेखा येतील, आहेर घेऊन. अलाबला श्रेयाच्या आईची आई घेईल. तिचा मान आधी आहे.

राखीचं मनावर घेऊ नको. दुकानात चांगल्या मिळतात आता. मोर मी निवडला नव्हता.

बोटं मोडायची तर मोड, नाहीतर नको मोडू. या वयात नवीन घोर कशाला लावून घेतोस. जेवण वेळेवर करत जा.

तुझी
अक्का


छत्रपती संभाजीनगर,
९ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. ते तुझ्या हातचं नाही. तुझं अक्षर मोठं असतं, चौथीतल्या पोरासारखं, आणि तुझी रेघ शेवटाला आकाशात जाते. या पत्रातल्या रेघा सरळ आहेत. सुरेखानं लिहिलंय, व्हय ना? मग मी सुदर्शननं गौरीच्या वेळी पाठवलेला फोटो पुन्हा काढला. तेव्हा मी गौरी बघितल्या होत्या, तुझे हात बघितले नव्हते. श्रेयाला सांगून फोटो मोठा करून घेतला. तू ताट धरलंयस. बोटं अंगठ्यापासून दूर, एका बाजूला कललीत, वारा लागलेल्या ज्वारीसारखी. पेरं सुजलीत.

अक्का, हे मी केलंय.

तुला आठवत नसेल, मला सगळं आठवतं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू तेराची. तू दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचून यायचीस. दिवेलागणीला भाकरी झाली की भिंतीला टेकून पाय पसरायचीस आणि हात माझ्यापुढं टाकायचीस. मी तुझं एकेक बोट ओढून मोडायचो. कट. तू सांगितलं होतंस, प्रत्येक बोटात एक चिमणी बसलेली असते आणि ती दाणा फोडते, त्याचा हा आवाज. एकदा दाणा फोडला की ती उडून जाते. परत यायला तिला वेळ लागतो, म्हणून लगेच दुसऱ्यांदा बोट वाजत नाही. मी दहाही चिमण्या उडवायचो. रोज. तीन वर्षं, तुझं लग्न होईपर्यंत. तू सासरी गेलीस आणि मग मी स्वतःची बोटं मोडायला लागलो. माझी सवय तिथून लागली.

आता हिशेब मला कळतो. कच्च्या वयाचे सांधे, दिवसभर वेचणी केलेले, आणि वर मी ते ओढायचो. वर्कशॉपमध्ये एखाद्या नव्या पोरानं असं बेअरिंग ओढलं असतं तर मी त्याला दाराबाहेर उभा केला असता.

म्हणून तू येत नाहीस, हे मला समजलं. म्हैस आणि गुडघा तू उगीच पुढं केलेस. श्रेयाची आजी, भामा, गेल्यापासून तीन वर्षं तू आमच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाहीस. मला वाटायचं, तुला माझ्या घरी करमत नाही, तिच्यावाचून घर रिकामं वाटतं. तसं नव्हतं. तुझे हात वाकडे व्हायला लागले होते आणि ते कुणी केले हे तुला माहीत होतं. तोंडावर बोलायचं नाही हा तुझा स्वभाव. माझ्या नावानं बोटं मोडावीत म्हटलं तर ती सोयही मी ठेवली नाही.

माफी मागायलाही मला उशीरच झाला. पासष्ट वर्षांचा.

तू रागावली असशील तर तसं लिही. पण पोरीवर राग काढू नको. तिला अलाबला पाहिजे.

तुझा अपराधी
कारभारी


पिशोर,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना,
सुरेखाचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. आत्याबाईंना माहीत नाही. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचावं लागतं म्हणून मागच्या कोठीत बसून दार लावून वाचलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, 'येडा हाय.' मग उठून रानात गेल्या आणि दुपारी जेवल्या नाहीत.

मामा, त्या तुमच्यावर रागावलेल्या नाहीत. पण काहीतरी आहे. तुमच्या पहिल्या पत्रात श्रेयाच्या लग्नाचं आल्यापासून त्या रोज सकाळी मला पाणी तापवायला लावतात. त्यात हात बुडवून बसतात. मग भिंतीकडं तोंड करतात आणि मुठी कानशिलाला लावून बोटं मोडायला बघतात. जोर लावतात. वाजत नाहीत. डोळ्यांतून पाणी येतं तरी लावतात. मी विचारलं तर म्हणाल्या, 'हात मोकळे करतीय.' आता पेरं आणखी सुजली आहेत. भाकरी मीच करते, पण त्यांनी पाहुण्यांना सांगितलंय की सुनेला थापायला शिकवते आहे म्हणून.

राखीचा दोरा त्यांनी वळायला घेतला होता. दोन दिवस बसल्या. गाठ बसत नव्हती. मग मला म्हणाल्या, बाजारातून आण.

तुम्ही शहरात आहात. कुणा चांगल्या डॉक्टरला विचारून असं जोर लावणं बरं की वाईट ते कळवा. माझं नाव सांगू नका.

आपली
सुरेखा


छत्रपती संभाजीनगर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

दिवाळी झाली. तुझ्या करंज्या मिळाल्या. त्यांच्या कडा फार नीट मुडपलेल्या होत्या, म्हणजे त्याही तुझ्या नव्हेत.

मी माझी बोटं दाखवायला हाडांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. माझीच. दुसऱ्या कुणी मला काही लिहिलेलं नाही, उगीच संशय घेऊ नको. श्रेया बरोबर आली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आपल्या श्रेयाहून पाचसात वर्षांनी मोठ्या. त्यांनी माझे हात हातात घेतले, प्रत्येक पेर दाबून बघितलं, फोटोही काढायला लावला. मग विचारलं, 'काका, तक्रार काय आहे?'

'आवाज येतो,' मी म्हटलं.

'दुखतं का?'

'नाय. आवाज येतो.'

'किती वर्षं?'

'बासष्ट वर्षं येतो. दोन महिने बंद आहे, मी बंद ठेवलाय.'

त्यांनी श्रेयाकडं बघितलं. श्रेया म्हणाली, 'आबांचं म्हणणं आहे त्यांचं ग्रीस संपलंय.'

बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, 'काका, सांध्यात तेलासारखं घट्टसर पाणी असतं. बोट ताणलं की आतली जागा वाढते आणि त्या पाण्यात हवेचा फुगा होतो. आवाज त्या फुग्याचा. हाडावर हाड घासत नाही. म्हणून एकदा वाजलं की लगेच पुन्हा वाजत नाही. वीसेक मिनिटं जावी लागतात.'

अक्का, मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. मी म्हटलं, 'म्हणजे चिमणीला परत यायला वेळ लागतो.' त्यांना काही कळलं नाही. तू चौथी शिकलेली, तुला हे कुणी सांगितलं होतं?

मग मी स्पष्टच विचारलं. 'म्हणजे बोटं मोडणं चांगलं की वाईट, एक काय ते सांगा.'

'चांगलंही नाही, वाईटही नाही. सवय आहे. ज्यांनी ज्यांनी तपासून बघितलं त्यांना बोटं मोडणाऱ्यांत संधिवात जास्त आढळला नाही. तुमचे सांधे वयाच्या मानानं छान आहेत. दुखत नसेल, सूज नसेल, तर मोडा खुशाल. मान मात्र कुणाकडून कडकन मोडून घेऊ नका.'

'लहान पोरानं कुणाची मोडली तर? रोज, तीन वर्षं?'

तेव्हा श्रेयानं फोनमधला तुझा फोटो त्यांच्यापुढं धरला. मी सांगितलं नव्हतं, तिनं आपल्या मनानं धरला. बाईंनी बराच वेळ बघितला. म्हणाल्या, 'हे बोटं मोडून होत नाही, काका. हा वेगळा आजार दिसतो, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. हात बघितल्याशिवाय, रक्त तपासल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही. पण कुणी केला म्हणून होत नाही. वाकलेलं सगळं सरळ होणार नाही, दुखणं कमी करता येईल, पुढचं थांबवता येईल. त्यांना घेऊन या. आणि तोवर सुजलेल्या बोटांना अजिबात ओढाताण करू नका म्हणावं. वाजवायचा प्रयत्न तर मुळीच नको.'

म्हणून तुला लिहितो, गरम पाण्यात हात घालतेस तो घाल, पण भिंतीकडं तोंड करून जोर लावू नको.

आता मी हे लिहिलं म्हणजे तुला कळणारच की मला कुणीतरी कळवलं. सुरेखाला बोलू नको. चांगली पोरगी आहे.

परत येताना रिक्षात मी डोळे मिटून बसलो होतो. श्रेयाला वाटलं झोपलो. मला रान दिसत होतं आणि त्यात दहा चिमण्या दाणा टिपत होत्या, सावकाश, कुठंही जायची घाई नसल्यासारख्या. माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. अर्धं राहिलं. राग नाही, म्हैस नाही, गुडघा नाही, तर मग तू का येत नाहीस? आणि मोडत नसलेली बोटं कुणासाठी मोडायला बघतेस?

तुझा
कारभारी


पिशोर,
१८ नोव्हेंबर २०२४

कारभारी,

हे मीच लिहितीय. पाच दिवस लागले. पेन मुठीत धरलाय. रेघ वर गेली तर जाऊ दे.

तू माझे हात बिघडवले नाहीस. हे आधी डोक्यातून काढ.

आई गेल्यावर तू झोपायचा नाहीस. डोळे उघडे ठेवून पडायचास. हाक मारली तरी वळायचा नाहीस. मला भीती वाटायची, हाही जातोय. एकदा मी माझं बोट मोडलं तर तू वळून विचारलंस, आत काय आहे? आठ दिवसांत तुझा तो पहिला शब्द. मी तोंडाला आलं ते सांगितलं, चिमणी आहे. मग तुला दुसऱ्या बोटातली पाहिजे झाली. मोजत मोजत तू झोपलास.

म्हणून रोज हात दिला. दुखायचा. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असायची. पण तू झोपायचास.

तुला वाटतं तू दहा मोडायचास. नाही. तू कधीच सातच्या पुढं गेला नाहीस. सातव्याला तुझी मान पडायची. तीन चिमण्या रोज माझ्याकडंच राहायच्या. राखीला सात गाठी का, हे तू कधी विचारलं नाहीस.

आता दुसरं. हे मी कुणाला सांगितलं नाही. भामाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी आले होते. ती रिक्षात बसायच्या आधी मी तिची अलाबला घेतली. तोंडावरून हात फिरवला, कानशिलाला लावला आणि दाबला. काही झालं नाही. मला ऐकू येत नाही, पण बोट मोडलं की हाडात कळतं. एकही मोडलं नाही. मी पुन्हा केलं नाही, तुम्हाला उशीर होत होता. बाराव्या दिवशी ती गेली.

दृष्ट तिच्यावरच राहिली. माझ्या हातांनी ती उतरली नाही.

म्हणून मी श्रेयाच्या तोंडाला हात लावणार नाही. आले तर सगळे म्हणतील अक्का, घ्या अलाबला. नाही कसं म्हणू. हात मोकळे होतात का ते बघत होते. होत नाहीत. तेव्हा येत नाही.

तू जेवत जा.

अक्का


छत्रपती संभाजीनगर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
कारभारीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. रेघ शेवटाला आकाशात गेली होती. मी पाकीट छातीच्या खिशात ठेवून गॅलरीत बसलो. सूनबाईनं चहा आणून ठेवला तो गार झाला. तिनं विचारलं, 'आबा, काय झालं?' मी म्हटलं, 'सातच होत्या.' ती आत जाऊन राजकुमारला म्हणाली, आबांना बरं नाही वाटतं.

सातच होत्या. मला शेवटच्या तीन कधी आठवतच नव्हत्या, आणि मी समजायचो की अंधार पडायचा म्हणून.

आता भामाचं ऐक. मी तुला हे कधीच सांगायला पाहिजे होतं, पण त्या बारा दिवसांतली एकेक गोष्ट मी कापडात बांधून ठेवल्यासारखी ठेवली आहे, सोडवायला भीती वाटते. आज ही एक सोडवतो.

त्या दिवशी रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि भामा म्हणाली, 'अक्कांची बोटं वाजली नाहीत.' मी घाबरलो. मला वाटलं तिनं मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, 'परत फिरवू का रिक्षा?' तर म्हणाली, 'कशाला? दरवेळी अक्का तोंडावरून हात फिरवतात न फिरवतात तोच कानाशी नेऊन कडाकडा करतात. कशी पळापळ असते त्यांची. आज हात माझ्या गालावर राहिला. लई ऊन होता हात.' मग तिनं आपला गाल असा तळहातानं झाकून घेतला, वाऱ्यात दिवा झाकावा तसा, आणि दवाखाना येईपर्यंत तो हात काढला नाही. नर्सनं नाव विचारलं तेव्हा काढला.

अक्का, तिच्या छातीत जे होतं ते वर्षभर आधीपासून होतं. डॉक्टरांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं. मी तुला ते सांगितलं नाही, तू रडशील म्हणून. मी ते लपवलं आणि तू तीन वर्षं त्याचा दोष आपल्या दहा बोटांवर घेतलास. बघ, चूक शेवटी माझीच निघाली. मला वाटलंच होतं.

ती दवाखान्यात गेली ती गालावर तुझ्या हाताची ऊब घेऊन. मला याहून चांगली अलाबला माहीत नाही.

पण मी तुला ओळखतो. एवढ्यानं तुझं समाधान होणार नाही. तू म्हणशील, आवाज झाल्याशिवाय दृष्ट उतरत नाही. ठीक आहे. आवाजाचं माझ्याकडं लागलं. मी कालपासून पुन्हा सुरू केलंय. पहिलं बोट मोडलं तेव्हा श्रेया आतून धावत आली, 'आबा, काय पडलं?' इतकं साचलं होतं. आता आम्ही दोघांनी ठरवलंय ते असं. हळदीच्या वेळी तू श्रेयाच्या समोर बस. मी तुझ्या पाठीमागं स्टूल टाकून बसतो. तू तिच्या तोंडावरून हात फिरव, वाटेल तितका वेळ गालावर ठेव, मग कानशिलाला नुसता टेकव. दाबायचं नाही. तू टेकवलास की मागं मी माझी मोडतो. सात. आठवं मोडणार नाही, राहिलेल्या तीन तुझ्याकडं राहू देत. हळदीच्या आधी तासभर मी हाताला हात लावणार नाही, म्हणजे सगळ्या चिमण्या जागेवर येऊन बसलेल्या असतील.

तुला ऐकू यायचं नाही हे माझ्या लक्षात आहे. तू श्रेयाकडं बघत राहा. काल आम्ही दोघांनी एकदा करून बघितलं, तुझ्या जागी उशी ठेवून. आवाज झाला की पोरीचे डोळे आपोआप मिटतात. एकदा, दोनदा, सातही वेळा मिटले. तू ते मोज. सातव्याला समज, उतरलं.

श्रेयाला तुझ्या बोटांचं सगळं सांगितलंय. ती म्हणाली, 'आत्याआजींना म्हणावं, मला वाकड्याच हातांचा हात पाहिजे.' ती असं बोलते. हळदीनंतर चार दिवस राहा, डॉक्टरीणबाईंकडं मी घेऊन जातो. बाई तरुण आहेत पण हसत नाहीत.

पिशोरहून बसनं नको. सुदर्शनला पुढं बसव आणि तू जीपमध्ये खिडकीशी बस. म्हैस व्यालीच त्या दिवशी तर तिला शेजारच्या घरी बांधा. गुडघ्याचं काही सांगू नको, मी ऐकणार नाही, आणि तू तर ऐकत नाहीसच.

आज दुपारी पुन्हा डोळा लागला. तेच रान होतं. ऊन उतरत होतं, बोंडं उकलत होती. तू ओळीच्या पुढं होतीस आणि या वेळी मागं वळून बघत होतीस. मी मोजत होतो आणि मला झोप येत नव्हती. मी आठ म्हटलं, नऊ म्हटलं. तुला हसू आलं.

मला घोर लागायचा स्वभाव आहे, तुला ठाऊक आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज फाटकाशी पोस्टमनची वाट बघत उभा राहणार आणि बोटं मोडून मोडून हळदीसाठी एक शिल्लक ठेवणार नाही. म्हणून वेळ लावू नको. लिहू मात्र नको, पाच दिवस पेन मुठीत धरू नको. पाकिटावर पत्ता सुरेखा घालील. आत नुसता यंदाच्या वेचणीचा चिमूटभर कापूस टाक. मी समजेन की तू येतेस. दोरा मी वळीन, हळद इथं घरात आहे, आणि गाठी सात मारायच्या हे आता मला माहीत झालंय. हातावर तू फक्त ठेव.

कापूस लवकर पाठव.

तुझा
कारभारी